चिप तपासणाऱ्या इंजिनीअरची नोकरी : बायोडेटात काय लिहायचं आणि काय अजिबात नाही

पेण / रोहा : इलेक्ट्रॉनिक्सची पदवी हातात आली की आपल्याकडची बरीच मुलं पहिली जातात ती स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथे कॉम्प्युटरवर बायोडेटाचा तयार नमुना असतो. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, लग्न झालंय की नाही, छंद आणि शेवटी 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' ही ओळ. मागच्या मुलाचं नाव खोडायचं, पुढच्याचं घालायचं, प्रिंट काढायची, झालं काम. डोलवी, नागोठणे किंवा धाटावला ठेकेदाराकडे हा कागद चालून जातो. पण तोच कागद पुण्याच्या किंवा बेंगळुरूच्या चिप कंपनीला पाठवला की महिनोन्महिने उत्तर येत नाही. घरचे म्हणतात, पोराचं नशीब नाही. पुष्कळदा प्रश्न नशिबाचा नसतो, कागदाचा असतो.

लोणेरे, पनवेल, नवी मुंबई इथल्या कॉलेजांतून इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम करणारी पेण-रोह्याची मुलं-मुली आता 'डिझाइन व्हेरिफिकेशन' या कामाकडे वळू पाहताहेत. चिपची चर्चा गावोगाव पोचली आहे. त्यामुळे हे काम काय आहे, त्यासाठी बायोडेटा कसा लिहायचा आणि कुठे फसगत होते, ते नीट समजून घेऊ.

काम नेमकं काय असतं?

पेणच्या माणसाला हे सांगायला गणपतीच्या कारखान्याइतकं सोपं उदाहरण नाही. मूर्तिकार आधी एक मूळ मूर्ती घडवतो. तिच्यावरून साचा काढतात आणि त्या साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. मूळ मूर्तीत एक बोट वाकडं राहिलं तर प्रत्येक मूर्तीत ते वाकडंच येणार. मग एकेक मूर्ती कानसत बसायची किंवा साचाच टाकून द्यायचा. म्हणून जाणता कारागीर साचा काढण्याआधी मूळ मूर्ती चारी बाजूंनी फिरवून बघतो.

चिपचंही तसंच आहे. चिपचा आराखडा आधी कॉम्प्युटरवर लिहिला जातो. त्यावरून 'मास्क' नावाचे साचे बनतात, त्यांचा खर्च कोट्यवधी रुपयांत जातो आणि मग लाखो चिप निघतात. साचा बनण्याआधी आराखडा सगळ्या बाजूंनी तपासणं म्हणजे डिझाइन व्हेरिफिकेशन. तपासणारा इंजिनीअर आराखड्याला कॉम्प्युटरवरच हजारो वेगवेगळे प्रसंग देतो, उत्तर बरोबर येतं का पाहतो आणि चूक दिसली की तिचं मूळ शोधतो. चुकीला या धंद्यात 'बग' म्हणतात.

तपासणी कमी पडली तर काय होतं? १९९४ साली इंटेल कंपनीच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक निघाली. आतल्या एका तक्त्यात काही आकडे भरायचे राहिले होते. काही ठरावीक संख्यांचा भागाकार किंचित चुकायचा. एका गणिताच्या प्राध्यापकाच्या ते लक्षात आलं. शेवटी कंपनीला चिप बदलून द्याव्या लागल्या आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलर खर्ची टाकावे लागले. आजही एखादी चिप तयार करताना निम्म्याहून अधिक मेहनत तपासणीवर जाते. म्हणूनच या कामाला माणसं लागतात.

नोकऱ्या कुठे आहेत?

इथे एक गैरसमज आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पनवेल तालुक्यातल्या तळोजा इथे चिपचा मोठा कारखाना येणार अशी घोषणा झाली, तेव्हा आपल्या भागात मोठी चर्चा झाली. पुढे २०२५ मध्ये ती बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या आणि अनेकांना वाटलं, आता काही खरं नाही. पण चिपचा कारखाना वेगळा आणि चिपचा आराखडा बनवणारं ऑफिस वेगळं. व्हेरिफिकेशनचं काम ऑफिसात कॉम्प्युटरवर होतं. त्याला शेजारी कारखाना लागत नाही.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बेंगळुरूत १९८५ सालीच हे काम सुरू केलं. आज इंटेल, क्वालकॉम, एएमडी अशा कंपन्यांची मोठी ऑफिसं बेंगळुरू-हैदराबादला आहेत. पुण्यात एनव्हिडिया आणि मार्वेलची ऑफिसं आहेत. याशिवाय या कंपन्यांना माणसं पुरवणाऱ्या सेवा कंपन्या आहेत आणि नव्या मुलांना पहिली संधी बऱ्याचदा तिथेच मिळते.

यासाठी साधारण इलेक्ट्रॉनिक्स, टेलिकॉम, इलेक्ट्रिकल किंवा कॉम्प्युटरची पदवी लागते. डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्यांसाठी चिपच्या कारखान्यातली आणि पॅकिंग-टेस्टिंगची कामं असतात. ती वाट वेगळी, तिचा बायोडेटाही वेगळा. हा लेख पदवीवाल्यांसाठी आहे.

आणखी एक. नोकरीच्या ॲपवर नुसतं 'व्हेरिफिकेशन' टाकलं तर बँकेसाठी घरोघर जाऊन पत्ता तपासण्याची कामंच जास्त दिसतात. 'डिझाइन व्हेरिफिकेशन' आणि त्याबरोबर 'सिस्टमव्हेरिलॉग' किंवा 'यूव्हीएम' असं इंग्रजीत टाकून शोधा.

बायोडेटा नाही, रिझ्युमे

कंपनीला जो कागद हवा असतो त्याला ते रिझ्युमे म्हणतात. तो इंग्रजीतच लिहायचा. नव्या मुलाचा रिझ्युमे एका पानाचा पुरे. मोठ्या कंपन्यांत तो आधी सॉफ्टवेअर वाचतं, मग माणूस. म्हणून दोन रकाने, रंगीत पट्ट्या, चौकटी, चांदण्या काढून कौशल्य दाखवणं हे सगळं टाळा. साधी अक्षरं, एकाखाली एक मजकूर आणि फाइल पीडीएफ.

यातून काय काढून टाकायचं ते आधी बघू. फोटो, वडिलांचं नाव, जात, धर्म, जन्मतारीख, लग्नाची माहिती, आधार क्रमांक, घरचा पूर्ण पत्ता, छंद आणि शेवटचं 'माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र. लग्नाच्या बायोडेटात हे शोभतं, इथे नाही. आधार क्रमांक तर अनोळखी माणसाला पाठवूच नये.

आता काय ठेवायचं, ते वरून खाली क्रमाने.

सगळ्यात वर नाव, मोबाइल नंबर, ईमेल आणि तालुका-जिल्हा. कॉलेजात असताना गमतीने काढलेला ईमेल नको. स्वतःच्या नावाचा साधा ईमेल काढा. डोंगरकडेच्या वाडीत रेंज जात असेल तर घरातला दुसरा नंबरही द्या. मुलाखतीचा फोन एकदा लागला नाही तर लोक पुढच्या नावाकडे वळतात.

त्याखाली दोन ओळींत तुम्ही कोण. 'आव्हानात्मक पदावर काम करून कंपनीच्या प्रगतीत हातभार लावू इच्छितो' हे वाक्य हजारो कागदांवर असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा सरळ लिहा : इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम पदवीधर, अमुक वर्ष, सिस्टमव्हेरिलॉगमध्ये दोन प्रोजेक्ट स्वतः तपासले, व्हेरिफिकेशनच्या पहिल्या नोकरीच्या शोधात.

मग येतात कौशल्यं. इथे मुलं पंधरा-वीस नावं ओततात. क्लासमध्ये एकदा कानावर पडलेलं नावही त्यात असतं. मुलाखत घेणारा नेमकं त्यावरच बोट ठेवतो. त्यापेक्षा तीन गट करा. रोज हाताखालचं काय, प्रोजेक्टपुरतं काय केलं आणि सध्या काय शिकतोय. व्हेरिलॉग, सिस्टमव्हेरिलॉग, यूव्हीएम, लिनक्स, पायथन, गिट ही नावं यात बसतात, पण ज्याला जी लागू त्यानेच ती लिहावी. यूव्हीएम ही २०११ पासून चालत आलेली टेस्ट रचण्याची सर्वमान्य पद्धत आहे, जवळपास प्रत्येक जाहिरातीत ती मागतात. ती येत नसेल तर 'शिकतोय' मध्ये टाका. त्यात कमीपणा नाही.

खरा जीव प्रोजेक्टमध्ये

नव्या मुलाकडे अनुभव नसतो, हे कंपनीला माहीत असतं. मग ती बघते काय? प्रोजेक्ट. निम्मा कागद त्यालाच द्या.

सगळ्यात जास्त दिसणारा प्रोजेक्ट म्हणजे 'फिफो'. फिफो ही चिपच्या आतली रांग. रेशन दुकानासारखी, जो आधी आला तो आधी बाहेर. समजा या रांगेत १६ जागा आहेत. बहुतेक रिझ्युमेत त्याबद्दल एवढंच असतं :

'यूव्हीएम वापरून फिफोचं व्हेरिफिकेशन केलं. शंभर टक्के कव्हरेज मिळालं.'

हे वाचून समोरच्याला काही कळत नाही. कदाचित नेटवरून उतरवलं असेल, असंच त्याला वाटतं. आता तेच काम असं लिहून बघा :

'१६ जागांच्या फिफोसाठी टेस्टबेंच स्वतः लिहिला : ड्रायव्हर, मॉनिटर, स्कोअरबोर्ड.

काय तपासायचं याची १२ मुद्द्यांची यादी आधी केली. रांग भरलेली असताना लिहिणं, रिकामी असताना वाचणं, एकाच क्षणी दोन्ही, मध्येच रिसेट.

रँडम टेस्टमध्ये बग सापडला. रांग पूर्ण भरलेली असताना एकाच क्लॉकला वाचणं आणि लिहिणं दोन्ही आलं की मोजणी एकाने चुकत होती. कारण शोधलं, दुरुस्ती केली, तो प्रसंग कायमची टेस्ट म्हणून ठेवला.

फंक्शनल कव्हरेज ९६ टक्के. उरलेला भाग का राहिला त्याची नोंद केली.'

हे आकडे नमुन्यापुरते आहेत. तुमच्या रिझ्युमेत तुमचेच आकडे हवेत. पण फरक बघा. दुसऱ्या लिखाणात काय तपासलं, कसं तपासलं, काय सापडलं आणि काय राहिलं, हे सगळं आहे. व्हेरिफिकेशनच्या माणसाचं रोजचं काम हेच. म्हणजे रिझ्युमे वाचतानाच समोरच्याला तुम्ही काम कसं कराल ते दिसतं.

वरचे शब्दही समजून घ्या, कारण प्रश्न त्यावरच येतात. ड्रायव्हर आराखड्याला प्रसंग पुरवतो. मॉनिटर आत-बाहेर काय चाललंय ते टिपतो. स्कोअरबोर्ड आलेलं उत्तर आणि अपेक्षित उत्तर ताडून बघतो. मग मुलाखतीत विचारतात, 'स्कोअरबोर्डला बरोबर उत्तर कुठून कळतं?' ज्याने स्वतः लिहिलंय तो सांगतो की बाजूला एक साधी, खात्रीची प्रतिकृती ठेवली होती, तिच्याशी ताडलं. ज्याने उतरवलंय तो इथे अडकतो.

दुसरा नेहमीचा प्रश्न म्हणजे, 'शंभर टक्के कव्हरेज आलं तर आराखड्यात चूक नाही असं म्हणता येईल का?' खारेपाटातल्या शेतकऱ्याला याचं उत्तर आधीच माहीत आहे. उधाणाच्या आधी कुणी सगळ्या बांधावरून फेरी मारून आला, म्हणजे बांध धड आहे असं होत नाही. चालताना खेकड्याची भोकं बघितली का, उघाडीची झडप नीट बसते का ते पाहिलं का, हे विचारावं लागतं. नाहीतर फेरी पूर्ण होते आणि रात्री खांड पडून खारं पाणी शेतात शिरतं. कव्हरेज सांगतं की तुम्ही कुठे कुठे पोचलात. तिथे उत्तर बरोबर होतं का, ते सांगत नाही. म्हणून 'शंभर टक्के' लिहिण्यापेक्षा 'इतकं झालं, इतकं या कारणाने राहिलं' हे जास्त वजनदार ठरतं.

प्रोजेक्टच नसेल तर?

कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बऱ्याचदा चार जणांत मिळून असतो, कधी विकतही आणलेला असतो. तो पुढे करू नका. स्वतःचा एक छोटा करा. त्याला लाखाची फी लागत नाही.

'ईडीए प्लेग्राऊंड' नावाची वेबसाइट ब्राउझरमध्येच चालते, काही उतरवून घ्यावं लागत नाही. कॉलेजचा ईमेल असेल तर तिथे कंपन्यांत वापरतात तसे सिम्युलेटरही वापरता येतात. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून 'आयकॅरस व्हेरिलॉग' हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. सुरुवातीला ते पुरे, यूव्हीएमसाठी मात्र प्लेग्राऊंड बरं. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकता येतं, पण कोड लिहायला कीबोर्ड लागतोच. घरी लॅपटॉप नसेल तर मित्राचा, वाचनालयाचा किंवा कॉलेजच्या लॅबचा वापर करा. आयआयटींनी चालवलेल्या एनपीटीईएलवर व्हेरिलॉग आणि डिजिटल डिझाइनचे कोर्स मोफत बघायला मिळतात, फी फक्त परीक्षेची.

एक युक्ती फार कामाची आहे. दोन मित्र मिळून बसा. एकाने आराखडा लिहायचा आणि त्यात मुद्दाम पाच चुका पेरायच्या, कुठल्या ते सांगायचं नाही. दुसऱ्याने टेस्टबेंच लिहून त्या शोधायच्या. मग रिझ्युमेत लिहा, 'मित्राने पेरलेल्या ५ पैकी ४ बग सापडले, पाचवा का सुटला ते शोधून यादीत नवा मुद्दा वाढवला.' मुलाखत घेणारा हमखास त्या पाचव्याबद्दल विचारेल आणि तुम्हाला सांगायला खरी गोष्ट असेल.

कोड गिटहबवर ठेवा आणि त्याची लिंक रिझ्युमेत द्या. फाइल कशी चालवायची ते तिथे चार ओळींत लिहून ठेवा.

पुढे शिकायचं असेल तर दोन सरळ वाटा आहेत. एक, पुण्याच्या सी-डॅकचा व्हीएलएसआय डिझाइनचा पदव्युत्तर डिप्लोमा. त्याला 'सी-कॅट' परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. दुसरी, गेट परीक्षा देऊन एम.टेक. गेटवर सरकारी संस्थेत पूर्णवेळ प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन असतं. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी इथे व्हीएलएसआयचं एम.टेक. आहे.

मार्क कमी, केटी, गॅप, मराठी माध्यम

शिक्षणाचा भाग प्रोजेक्टच्या खाली ठेवला तरी चालतो. पदवी, कॉलेज, वर्ष, गुण. दहावी-बारावी एकेका ओळीत. मराठी माध्यम होतं हे लपवायची गरज नाही आणि मुद्दाम लिहायचीही नाही. इंग्रजीतली वाक्यं लहान ठेवा. 'लिहिलं', 'शोधलं', 'मोजलं', 'दुरुस्त केलं' अशी सरळ क्रियापदं पुरतात. जड इंग्रजी दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर मुलाखतीत बोलणं आणि कागद जुळत नाही.

काही कंपन्या ६० टक्क्यांची अट घालतात. तुमचे ५७ असतील तर ५७ च लिहा. गुणपत्रिका शेवटी मागतातच. त्या कंपनीत जमलं नाही तर अट नसलेल्या कंपनीत प्रोजेक्टच्या जोरावर बघा. केटी राहून नंतर सुटली असेल तर रिझ्युमेत तिचा पाढा वाचायची गरज नाही, पण अर्जात विचारलं तर खरं सांगा.

वर्ष-दोन वर्षं मोकळी गेली असतील तर लपवू नका. वडील आजारी होते, भातशेती बघावी लागली, तर एका ओळीत लिहा, 'या काळात घरची शेती सांभाळली, सोबत हा कोर्स आणि हा प्रोजेक्ट केला.' त्या काळात काहीच शिकला नसाल तर आजपासून सुरू करा आणि तीन महिन्यांनी लिहा.

खोटा अनुभव : सगळ्यात मोठा खड्डा

आता दुखऱ्या मुद्द्यावर येऊ. 'फ्रेशरला कुणी विचारत नाही, दोन वर्षांचा अनुभव दाखवून देतो' असं सांगणारे एजंट आणि क्लासवाले भेटतात. पैसे घेऊन एखाद्या कंपनीचं अनुभवपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट सगळं बनवून देतात. आईबाप सोनं मोडतात, कुणी गुंठा विकतं, कारण पोराचं भलं होईल असं वाटतं.

हे उघडं पडतं. कंपनी रुजू करून घेण्याआधी किंवा नंतरही पार्श्वभूमी तपासते. पीएफचा यूएएन क्रमांक मागितला की कुठे, कधी, किती महिने काम केलं ते दिसतं. जिथे पीएफच भरला गेला नाही तिथला अनुभव लगेच संशयात येतो. जुन्या कंपनीला फोन-ईमेल जातो. खोटं निघालं तर नोकरी जाते, रुजू झाल्यानंतर वर्षभराने निघालं तरी जाते, आणि खोटी कागदपत्रं बनवणं हा गुन्हा आहे. क्लासवाला तोवर फोन उचलत नाही. सही पोराची असते, अडकतो पोरगा.

शिवाय हे कामच चूक पकडण्याचं आहे. जो माणूस स्वतःच्या एका पानावर खोटं लिहितो, त्याने 'चिप तपासली, बरोबर आहे' असं सांगितलं तर कोण मानणार? म्हणून या नोकरीच्या रिझ्युमेत खरेपणाची किंमत इतर नोकऱ्यांपेक्षा जास्त आहे. फ्रेशर असाल तर फ्रेशरच लिहा. क्लासमध्ये केलेल्या सरावाला 'इंटर्नशिप' म्हणू नका, 'प्रशिक्षण' म्हणा.

आईवडिलांनी काय विचारायचं?

खाजगी क्लास सगळे वाईट नसतात. काही चांगलं शिकवतात. पण फी भरण्याआधी घरच्यांनी चार गोष्टी लेखी मागाव्यात. लॅबमध्ये प्रत्येक मुलाला रोज किती तास मिळतील? मध्येच सोडावं लागलं तर किती पैसे परत? 'प्लेसमेंट' म्हणजे नोकरी की नुसती मुलाखत? मागच्या बॅचची मुलं कुठे लागली आणि त्यांच्यापैकी दोघा-तिघांशी बोलता येईल का? उत्तर टाळलं तर समजून जा.

मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नका. सत्यप्रत द्या. बाँडवर सही करायची असेल तर तो घरी आणून वाचा, किती वर्षं, मोडला तर किती रक्कम, ते बघा.

नोकरी देतो म्हणून रजिस्ट्रेशन, लॅपटॉप डिपॉझिट किंवा ट्रेनिंगचे पैसे मागणारा फोन आला तर तो फसवणुकीचाच समजा. मोठ्या कंपनीच्या नावाचं ऑफर लेटर व्हॉट्सॲपवर आलं तरी विश्वास ठेवू नका. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन खात्री करा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त.

पाठवताना

फाइलला 'न्यू फायनल दोन' असं नाव नको. तुमचं नाव आणि 'डिझाइन व्हेरिफिकेशन' एवढंच पुरे. एकच रिझ्युमे शंभर ठिकाणी पाठवण्यापेक्षा जाहिरात वाचा. त्यात जे मागितलंय आणि तुम्ही खरंच केलंय, ते वर घ्या. कंपनीच्या वेबसाइटवर अर्ज करा, शिवाय कॉलेजच्या आधीच्या बॅचमधलं कुणी त्या कंपनीत असेल तर त्यांना आदराने दोन ओळींचा संदेश पाठवा. नोकरी मागू नका, रिझ्युमे बघून चूक सांगा म्हणा. लोक मदत करतात.

पहिली फेरी बहुधा ऑनलाइन असते. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्हीचा भरवसा नसतो. गावात अडचण असेल तर आदल्या दिवशीच पेण किंवा रोहा शहरात नातेवाइकाकडे जाऊन नेट तपासून ठेवा, मोबाइल चार्ज ठेवा.

पाठवण्याआधी एक शेवटचं काम. रिझ्युमेची प्रिंट घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या. आई, भाऊ, मैत्रीण, कुणीही. त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एकच विचारायचं, 'हे तू कसं केलंस?' ज्या ओळीला दोन मिनिटं मराठीत सांगता आलं नाही, ती ओळ खोडा. उरेल तो कागद पाऊण पानाचा असला तरी तोच पाठवा. पुढच्या महिन्यात आणखी एक काम शिकून त्याखाली एक ओळ वाढवा.